धुळीतून घडलेला मॉनिटर

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांच्या आठवणीत एक मॉनिटर असतो. शिक्षक वर्गाबाहेर गेले की तो खडू घेऊन फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावे लिहितो, वह्या गोळा करून शिक्षकांच्या खोलीत नेऊन ठेवतो आणि प्रार्थनेच्या वेळी रांग सरळ आहे की नाही हे पाहतो. कुठे त्याला वर्गमंत्री म्हणतात, तर कुठे शालेय मंत्रिमंडळात त्याला शपथही दिली जाते. या लहानशा पदामागे मोठा इतिहास आहे. त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्याच देशात, मद्रासमध्ये म्हणजे आजच्या चेन्नईत घडले. त्याचा नायक होता एक स्कॉटिश धर्मोपदेशक, डॉ. अँड्र्यू बेल. शाळेतील लहान मुलावर किती जबाबदारी टाकता येते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्याचे निम्मे आयुष्य गेले. ते उत्तर त्याला सापडलेही. पण पुढे त्याचे जे झाले, ते आजही विचार करायला लावणारे आहे.

केशकर्तनकाराचा मुलगा

अँड्र्यू बेल यांचा जन्म २७ मार्च १७५३ रोजी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या विद्यापीठाच्या गावी झाला. वडील अलेक्झांडर हे व्यवसायाने केशकर्तनकार आणि केसांचे टोप बनवणारे. परंतु यंत्रविद्येची त्यांना चांगली जाण होती आणि गावातील विद्वान मंडळींत त्यांची ऊठबस असे. त्या काळातील शाळा म्हणजे छडीचे राज्य. लहानग्या अँड्र्यूने त्या शाळेत पाठांतराचा आणि माराचा जो अनुभव घेतला, त्याची धास्ती त्यांच्या मनातून कधीच पूर्णपणे गेली नाही. विद्यापीठात मात्र गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांत त्यांनी नाव मिळवले.

शिक्षण संपवून १७७४ मध्ये ते अमेरिकेतील व्हर्जिनियात गेले. तेथे एका श्रीमंत मळेवाल्याच्या मुलांना त्यांनी शिकवले आणि जोडीला तंबाखूच्या व्यापारातही पैसे गुंतवले. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले असताना १७८१ मध्ये ते मायदेशी निघाले, तेव्हा वाटेत त्यांचे जहाज फुटले. कसेबसे घरी पोहोचलेल्या बेल यांनी पुढे चर्च ऑफ इंग्लंडची दीक्षा घेतली. तरीही मनासारखी प्रगती होईना. त्या काळी ज्याला नशीब अजमावायचे असे, तो हिंदुस्थानची वाट धरी. बेल यांनीही तेच केले.

एग्मोरचा अनाथाश्रम

१७८७ मध्ये बेल मद्रासला उतरले. खरे तर त्यांना कलकत्त्याला जायचे होते. पण मद्रासमध्ये त्यांना काम मिळाले आणि ते तेथेच राहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या एकाहून अधिक पल्टणींचे धर्मोपदेशकपद त्यांच्याकडे एकाच वेळी आले आणि प्रत्येक पदाचा पगारही मिळू लागला. विज्ञानाचे प्रयोग दाखवून व्याख्याने देण्याचा त्यांचा कार्यक्रमही शहरातील इंग्रज वस्तीत लोकप्रिय झाला. हिंदुस्थानात पाऊल ठेवताना त्यांच्याजवळ जेमतेम सव्वाशे पौंड होते; नऊ वर्षांनी परतताना ती रक्कम सुमारे पंचवीस हजारांवर गेली होती. बेल पैशाच्या बाबतीत किती दक्ष होते, हे यावरून लक्षात यावे.

म्हणूनच पुढची गोष्ट विशेष वाटते. १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागात सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रमशाळा सुरू झाली. ही मुले प्रामुख्याने युरोपीय शिपाई आणि हिंदुस्थानी स्त्रिया यांची. बाप लढाईत किंवा आजारात गेलेला, आईला आधार नाही, आणि गोऱ्या समाजाच्या दृष्टीने ही मुले जन्मतःच कमी प्रतीची. कंपनीच्या अधिकाऱ्यांतही त्यांच्याकडून फारशी अपेक्षा कोणाला नव्हती. या शाळेचे अधीक्षकपद बेल यांनी स्वीकारले आणि त्यासाठी देऊ केलेला पगार मात्र नाकारला. ही मुले मुळातच मंद आणि खोटारडी असतात, हा समज त्यांना मान्य नव्हता. दोष मुलांत नसून त्यांना शिकवण्याच्या रीतीत आहे, अशी त्यांची खात्री होती.

अडचण होती ती शिक्षकांची. शाळेतले मोजके मास्तर तुटपुंज्या पगारावर आलेले. काहींना दुसरे काही जमले नाही म्हणून ते या कामाला लागलेले. त्यांना नवे काही शिकवावे, तर ज्याला चांगले शिकवता येऊ लागले तो अधिक पगाराची नोकरी धरून निघून जाई. अक्षरओळखीचा वर्ग तर महिनोन्‌महिने तेथल्या तेथेच अडकून पडत असे.

वाळूवरची अक्षरे

एके दिवशी सकाळी घोड्यावरून फेरफटका मारताना बेल एका देशी शाळेवरून गेले. त्या काळी इंग्रज लोक तमिळ भाषकांना मलबारी म्हणत. तशी ती मलबारी शाळा. मुले जमिनीवर बसली होती, समोर वाळू पसरली होती आणि बोटाने त्या वाळूत ती अक्षरे गिरवत होती. चूक झाली की हात फिरवून वाळू सारखी करायची आणि पुन्हा लिहायचे. कागदाचा खर्च नाही, पाटी फुटण्याची भीती नाही.

मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर धुळाक्षरे गिरवूनच आपल्या कित्येक पिढ्यांनी विद्यारंभ केला. धुळाक्षरे हा शब्द आजही भाषेत टिकून आहे तो त्याचमुळे. बेल यांना मात्र ही रीत म्हणजे मोठा शोध वाटला. शाळेत परतताच त्यांनी अक्षरओळखीच्या वर्गाच्या मास्तरांना वाळूवर अक्षरे शिकवण्याचा आदेश दिला. मास्तरांनी थोडे दिवस चालढकल केली आणि मग हे अशक्य असल्याचे सांगून मोकळे झाले.

बेल माघार घेणाऱ्यांपैकी नव्हते. मोठ्यांना जमत नसेल तर हे काम एखाद्या मुलावर सोपवावे, असे त्यांनी ठरवले. त्यांनी निवडलेल्या मुलाचे नाव होते जॉन फ्रिस्केन. साध्या शिपायाचा मुलगा, वय सुमारे आठ वर्षे. त्याने स्वतः याच आश्रमात अक्षरे गिरवली होती. बेल यांनी वर्ग त्याच्या हाती दिला आणि वर्गाची प्रगती ही त्याची जबाबदारी असल्याचे त्याला बजावले. मास्तरांना जे जमले नव्हते, ते आठ वर्षांच्या फ्रिस्केनने करून दाखवले. वर्ग भराभर पुढे सरकू लागला. स्वतःला कोणती अक्षरे अवघड गेली होती, हे तो अजून विसरला नव्हता. बहुधा हेच त्याच्या यशाचे खरे कारण असावे.

यानंतर बेल यांनी एकेक वर्ग मुलांच्याच हाती सोपवला. दोन-चार वर्षांत फ्रिस्केन लहान मुलांच्या एका मोठ्या गटाचा प्रमुख झाला आणि त्याच्या हाताखाली इतर मुले साहाय्यक म्हणून काम करू लागली.

मुलांनी चालवलेली शाळा

बेल यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. वर्गातील मुलांच्या जोड्या लावल्या जात. प्रत्येक जोडीतील हुशार मुलगा हा दुसऱ्याचा शिक्षक. वर्गावर एक बालशिक्षक आणि त्याचा साहाय्यक. त्यांच्यावर देखरेख करणारी थोडी मोठी मुले, त्यांच्यावर मुख्य मास्तर आणि सर्वांत वर अधीक्षक. सुमारे दोनशे मुलांच्या या शाळेत प्रत्येक मूल एकाच वेळी कोणाचा तरी विद्यार्थी असे आणि अनेकदा कोणाचा तरी शिक्षकही. जागा कायमच्या नसत. धडा चांगला येणारा वर सरके, मागे पडणारा खाली येई. बालशिक्षकाने हयगय केली तर त्याचेही पद जाई.

शिस्तीसाठीही बेल यांनी मुलांवरच विश्वास टाकला. मुलांचे अपराध एका वहीत नोंदवले जात. आठवड्यातून एकदा ती वही सर्वांसमोर उघडली जाई आणि मुलांमधूनच निवडलेले बारा पंच प्रत्येक प्रकरणाचा निवाडा करीत. मोठ्यांकडे शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार असे. आपल्याच सोबत्यांसमोर आपल्या वागण्याचा जाब द्यावा लागतो, ही जाणीव छडीपेक्षा अधिक परिणामकारक ठरते, असा बेल यांचा अनुभव होता. ज्या माणसाचे बालपण छडीच्या धाकात गेले, त्याने छडी जवळजवळ अनावश्यक ठरवणारी शाळा उभी केली.

या शाळेतून काय निपजले, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. टिपू सुलतानाने इंग्रजांकडे ओलीस ठेवलेले दोन राजपुत्र १७९४ मध्ये परत पाठवण्यात आले. त्यांच्याबरोबर गेलेल्या पथकात या आश्रमातील विल्यम स्मिथ नावाचा किशोरवयीन विद्यार्थीही होता. विज्ञानाची उपकरणे सोबत नेऊन त्याने टिपूसमोर प्रयोगांची मालिकाच सादर केली. ज्या मुलांकडून कोणी काहीच अपेक्षिले नव्हते, त्यांच्यापैकी एक जण सुलतानाच्या दरबारात विज्ञान समजावून सांगत होता.

श्रेय कोणाचे?

वाळूवर लिहिण्याची रीत आपण देशी शाळेतून घेतली, हे बेल यांनी मोकळेपणाने मान्य केले. मुलांनी मुलांना शिकवण्याची कल्पना मात्र सर्वस्वी आपली, असे ते सांगत राहिले. हा दावा जसाच्या तसा स्वीकारणे कठीण आहे. बेल यांच्या आधी सुमारे पावणेदोनशे वर्षे, १६२३ मध्ये, पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी कर्नाटकातील इक्केरी येथे आला होता. जमिनीवर वाळू पसरून, अंक व पाढे सुरात म्हणत आणि बोटाने लिहीत एकमेकांकडून शिकणारी मुले त्याने तेथे पाहिली आणि तसे लिहून ठेवले. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनीही ३ जून १८१४ च्या आपल्या खलित्यात, हिंदुस्थानातील गावच्या शाळांत पूर्वापार चालत आलेली पद्धत डॉ. बेल यांच्या हस्ते इंग्लंडात आली, असे नमूद केले आहे. गांधीवादी अभ्यासक धर्मपाल यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही सारी कागदपत्रे भारतीय वाचकांसमोर आणली, तेव्हा या श्रेयाची चर्चा नव्याने सुरू झाली.

एवढे म्हणता येईल की देशी शाळांत जे सहज, वहिवाटीने होत होते, त्याला बेल यांनी नियम, नोंदवह्या आणि पदांची उतरंड दिली. त्यामुळे ती पद्धत कोठेही नेऊन उभी करता येऊ लागली.

इंग्लंडातील वादळ

प्रकृतीच्या कारणाने बेल यांनी १७९६ मध्ये मद्रास सोडले. १७९७ मध्ये त्यांनी आपल्या प्रयोगाची माहिती देणारी लहानशी पुस्तिका लंडनमध्ये प्रसिद्ध केली. १७९८ मध्ये लंडनच्या ऑल्डगेट भागातील एका धर्मादाय शाळेने ही पद्धत प्रथम स्वीकारली. बेल स्वतः १८०१ मध्ये डॉर्सेट परगण्यातील स्वॅनेज या किनाऱ्यावरच्या गावी धर्मगुरू झाले. तेथे त्यांनी देवीची लस टोचण्याच्या कामातही पुढाकार घेतला.

त्याच १७९८ साली लंडनच्या साउथवर्क भागात जोसेफ लँकेस्टर या वीस वर्षांच्या क्वेकर तरुणाने गरीब मुलांसाठी शाळा काढली होती. मुलांची संख्या वाढत गेली, शिक्षक ठेवायला पैसा नव्हता, म्हणून त्यानेही मोठ्या मुलांना लहानांवर नेमले. त्यांना तो मॉनिटर म्हणे आणि तेच नाव पुढे जगभर रूढ झाले. १८०३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात लँकेस्टरने बेल यांचे ऋण मान्य केले आणि १८०४ च्या अखेरीस तो स्वॅनेजला त्यांना भेटूनही आला. दोघांची भेट सलोख्याची झाली. परंतु हा सलोखा टिकला नाही. लँकेस्टर कोणत्याही एका पंथाची शिकवण शाळेत देत नसे. चर्च ऑफ इंग्लंडच्या मंडळींना हे रुचेना. त्यांनी बेल यांना पुढे केले आणि शिक्षणपद्धतीचा प्रश्न धर्मपंथांच्या चढाओढीत सापडला. मूळ शोधक कोण, यावर नियतकालिकांतून वर्षानुवर्षे वाद झडत राहिले.

१८११ मध्ये चर्चच्या आश्रयाखाली नॅशनल सोसायटी ही संस्था स्थापन झाली आणि बेल तिच्या शाळांचे मार्गदर्शक झाले. लँकेस्टरच्या समर्थकांची संस्था पुढे ब्रिटिश अँड फॉरिन स्कूल सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. दोन्ही पक्षांच्या शाळा देशभर निघाल्या. बेल यांच्या हयातीतच त्यांच्या पद्धतीने चालणाऱ्या शाळांची संख्या बारा हजारांच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. ज्या पद्धतीचे मूळ हिंदुस्थानी मातीत होते, ती विलायतेची फेरी करून इंग्रजी नावाने परतली. १८१५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळांतही तिचा अवलंब झाला.

विश्वासाचे यंत्र झाले

येथून पुढे या कथेला वेगळे वळण लागते. एग्मोरमध्ये दोनशे मुले होती आणि बेल त्यांना नावानिशी ओळखत होते. इंग्लंडात एका मास्तराच्या देखरेखीखाली शेकडो मुले एकाच दालनात कोंबली जाऊ लागली. लँकेस्टरच्या शाळेने तर हजाराचा आकडा अभिमानाने मिरवला. मॉनिटरला स्वतःलाच धडा आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी समजावला जाई आणि तो तोच धडा घोकून पुढच्या मुलांकडून घोकून घेई. शंका विचारायला जागा नव्हती, कारण उत्तर देणाऱ्यालाही ते ठाऊक नसे. लँकेस्टरने छडी टाळली खरी. पण तिच्या जागी गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवणे, पिंजऱ्यात बसवून छताला टांगणे असे अपमानकारक प्रकार आणले.

देणगीदारांना ही पद्धत आवडली ती मुख्यतः स्वस्त होती म्हणून. मुलांना जबाबदारी मिळते, हा तिचा मूळ गाभा मागे पडला. शिक्षकाचा पगार वाचतो, हा फायदा पुढे आला. याला बेल यांचे स्वतःचे विचारही काही अंशी जबाबदार होते. गरिबांच्या मुलांना वाचन आणि धर्मशिक्षण मिळावे, पण लेखन आणि हिशेब सर्वांनाच शिकवले तर ती आपल्या पायरीपेक्षा वर जाऊ पाहतील, अशी भीती त्यांनी १८०५ च्या सुमारास लिहून व्यक्त केली. आठ वर्षांच्या शिपाईपुत्राच्या हाती निःशंकपणे वर्ग सोपवणाऱ्या माणसाने असे लिहावे, हा त्यांच्या आयुष्यातील मोठा अंतर्विरोध आहे.

वयोमानानुसार बेल अधिकच हट्टी झाले. १८१६ मध्ये स्वित्झर्लंडमधील इव्हर्दों येथे जाऊन त्यांनी पेस्टालोझी या थोर शिक्षणतज्ज्ञाची शाळा पाहिली. मुलाच्या निरीक्षणशक्तीला आणि भावनेला जागा देणारी ती शाळा त्यांना फारशी पटली नाही. भविष्यकाळ आपल्याच पद्धतीचा आहे, अशी त्यांची खात्री होती. शाळांना भेटी देताना मास्तरांशी त्यांचे वागणे कठोर असे. घरीही सुख नव्हते. १८०० मध्ये झालेला त्यांचा विवाह काही वर्षांतच मोडला. प्रतिस्पर्धी लँकेस्टरची अवस्था तर आणखी वाईट झाली. कर्जात बुडालेला, स्वतःच्याच संस्थेतून बाहेर पडलेला लँकेस्टर १८१८ मध्ये अमेरिकेला गेला आणि १८३८ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून मरण पावला.

अखेर आणि वारसा

बेल यांना मानसन्मान भरपूर मिळाले. २७ जानेवारी १८३२ रोजी चेल्टनहॅम येथे त्यांचे निधन झाले आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे दफन झाले. राजकवी रॉबर्ट साउदी यांनी हाती घेतलेले त्यांचे तीन खंडांचे चरित्र साउदींच्या मुलाने पुरे केले. मृत्यूपूर्वी बेल यांनी सुमारे १ लाख २० हजार पौंडांची रक्कम स्कॉटलंडमधील शाळांसाठी देऊन टाकली. त्यातून त्यांच्या जन्मगावी उभी राहिलेली शाळा आजही चालू आहे आणि तिचे नाव आहे मद्रास कॉलेज. त्यांच्याच निधीतून १८७६ मध्ये एडिंबरा आणि सेंट अँड्र्यूज विद्यापीठांत शिक्षणशास्त्राची अध्यासने सुरू झाली.

त्यांची पद्धत मात्र त्यांच्यामागे फार काळ टिकली नाही. १८४६ पासून ब्रिटिश सरकारने तेरा वर्षे आणि त्यापुढील वयाच्या उमेदवार शिक्षकांना वेतन देऊन पाच वर्षे प्रशिक्षण देण्याची योजना आणली आणि लहान मॉनिटरांवर चालणाऱ्या शाळा हळूहळू इतिहासजमा झाल्या. ते योग्यच झाले. मुलांना शिकवणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे, हे एकदा मान्य केल्यावर त्याचा भार आठ-दहा वर्षांच्या खांद्यांवर टाकता येत नाही. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले, त्यामागेही हाच विचार आहे.

पद्धत गेली, पद तेवढे उरले. वर्गात मॉनिटर राहिला. पण फ्रिस्केनला दिलेले काम त्याच्याकडे राहिले नाही. फ्रिस्केनला बेल यांनी बोलणाऱ्यांची नावे लिहायला नेमले नव्हते. मागे पडलेल्या सोबत्यांना पुढे नेणे, हे त्याचे काम होते आणि ते पुढे गेले की नाही, यावरच त्याची परीक्षा होत होती. आज आपल्या शाळांत मॉनिटरपद अनेकदा हुशार मुलाला बक्षीस म्हणून मिळते आणि वर्षभर त्याच्याकडेच राहते. बाकीची चाळीस मुले त्याच्या नजरेखाली गप्प बसायला शिकतात.

बेल यांच्या शाळेतील प्रत्येक मुलाला कोणासाठी तरी उत्तरदायी राहावे लागे. एखाद्या वर्गात ज्याला भागाकार जमला, त्याने शेजाऱ्याला तो समजावून द्यावा. ग्रंथालयाच्या पेटीची, झाडांना पाणी घालण्याची, नव्याने आलेल्या मुलाला सांभाळून घेण्याची जबाबदारी आळीपाळीने सर्वांकडे यावी, यासाठी पैसा लागत नाही आणि शिक्षकाची जागाही कमी करावी लागत नाही. अनेक शिक्षक हे आपापल्या वर्गात शांतपणे करीत आहेत. दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडतात आणि पहिल्याच आठवड्यात मॉनिटर कोण, हा प्रश्न वर्गावर्गांत निघतो. तो ठरवताना शिक्षकांनी एग्मोरच्या त्या आठ वर्षांच्या मुलाची आठवण ठेवली, तर बेल यांच्या आयुष्यातील सर्वांत चांगला भाग वाया गेला नाही, असे म्हणता येईल.